सावलीची खोली

कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या लावल्या की आमच्या घरी उन्हाळा रीतसर सुरू होतो. तसा तो मार्चमध्येच येऊन बसलेला असतो, पण बाबा मान्य करत नाहीत. ताट्या लागेपर्यंत ते म्हणत राहतात, "अजून कायचं ऊन, हे तं काहीच नाई." मग एक दिवस दुपारी अंगणातून येताना त्यांनाच भोवळ आल्यासारखं होतं आणि संध्याकाळी ताट्या येतात. यंदाही तसंच झालं. आता पंपाची घरघर आहे, ओल्या वाळ्याचा वास आहे, खिडक्यांवर भिजवलेल्या चादरी आहेत. त्या ओल्या अंधारात आम्ही तिघं तीन कोपऱ्यांत पडलेले असतो. वर्ध्यात मे महिन्यात माणूस जगत नाही, नुसता दुपार संपायची वाट बघतो.

शाळेला सुट्टी आहे. हिंगणीला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते मी. सुट्टीतही काही ना काही माहिती भरून मागतातच, ती भरायची आणि पडून राहायचं. मोबाइलवर सोबतच्या मास्तर-मास्तरणींचे फोटो येत असतात. कुणी मनालीला, कुणी दार्जिलिंगला. या दिवसांत अर्धा वर्धा पहाडावर असतो आणि उरलेला अर्धा कूलरसमोर त्यांचे फोटो बघत असतो. टोपी घालून, स्वेटर घालून, हातात भाजलेलं कणीस धरून सगळे हसत असतात. मला मात्र ते फोटो बघूनच पाय दुखायला लागतात. खोटं कशाला सांगू, त्या पहाडांचं नाव काढलं की मला आधी चढ आठवतो, मग रांग, मग टॅक्सीवाल्याशी घातलेला वाद. देवदार वगैरे फार उशिरा.

सात वर्षांपूर्वी बुद्धपौर्णिमा झाली आणि तिसऱ्या दिवशी मी आई-बाबांना घेऊन मसुरीला निघाले होते.

कारण आईचे डोळे. तिला काचबिंदू निघाला होता. डॉक्टर चांगले होते, त्यांनी समजावून सांगितलं की यात नजर कडेकडून जाते, मधलं शेवटपर्यंत राहतं. गेलं ते परत येत नाही, आहे ते थेंब टाकून टिकवायचं. आईनं ते शांतपणे ऐकलं. बाहेर येऊन बाकावर बसली आणि म्हणाली, "मंग तो बर्फाचा पहाड तेवढा पाहून टाकू एकदा." आम्ही समुद्रपूरला भाड्याच्या खोलीत राहायचो तेव्हा भिंतीवर एका दुकानाचं कॅलेंडर होतं, त्यावर बर्फाच्या डोंगराचं चित्र. वर्ष संपलं, तारखा फाडून झाल्या, चित्र आईनं राहू दिलं. पोळ्या लाटताना ते तिच्या बरोबर समोर यायचं. एवढीच त्या इच्छेची हकीकत. तिनं आयुष्यात माझ्याकडे दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही, म्हणून मी हे एक अगदी जिद्दीनं धरलं.

मी शिक्षक आहे, जिद्दीनं धरलं म्हणजे मी यादी केली. कोणता पॉइंट कोणत्या दिवशी, कुठून हिमालय दिसतो, कुठे दुर्बीण आहे, कुठे रोपवे आहे. चार दिवसांचं वेळापत्रक वहीत आखून घेतलं. बाबा बघून म्हणाले, "गाडीचं टायमिंग लावून राह्यली का व?" बाबांचं सगळं आयुष्य एसटीच्या स्टेअरिंगमागे गेलेलं. समुद्रपूर, हिंगणघाट, वर्धा, परत समुद्रपूर. सरळ रस्ता, दोन्हीकडे कपाशी, चढ म्हणाल तर नदीच्या पुलावर चढेल तेवढा. त्यांना वेळापत्रक कळतं. घाट मात्र कधी चालवला नव्हता.

वर्धा ते दिल्ली, दिल्ली ते डेहराडून, तिथून टॅक्सी. वळणांवर बाबांचा उजवा पाय मागच्या सीटवर सारखा दाबला जायचा. तिथे ब्रेक नव्हता, तरी दाबायचे. आई डोळे मिटून बसली होती. मी म्हटलं, "आई, बघ ना बाहेर, काय दरी आहे." ती म्हणाली, "पाहते थांब. पोटातलं खाली बसू दे."

हॉटेलात पोचलो तेव्हा चार वाजले असतील. मालकीण तिथलीच होती, गढवाली, डोक्याला रुमाल बांधलेली, भारी मायाळू बाई. दोन खोल्या रिकाम्या होत्या. एक मॉल रोडच्या बाजूची, तिच्यात दिवसभर ऊन. दुसरी मागच्या बाजूची. बाबांनी दोन्ही पाहिल्या आणि मागचीवर बोट ठेवलं. ती बाई गडबडलीच. म्हणाली, "बाबूजी, उस में धूप नहीं आती."

"नहीं आती ना? बस, वही दो."

ती अजून काहीतरी सांगत होती, मागच्या खिडकीबद्दल. मी फोनवर दुसऱ्या दिवशीची टॅक्सी ठरवत होते, माझं लक्ष नव्हतं. आणि बाबांना तरी का दोष द्यावा. आमच्याकडे घर बघायला गेलं की पहिला प्रश्न हाच असतो, पश्चिमेचं ऊन येतं का. सावलीची खोली मिळाली म्हणजे नशीब काढलं. ते ज्ञान अंगात मुरलेलं, ते काही डेहराडूनला उतरून थोडंच राहतं.

त्यात आणखी भर. खोलीत शिरल्या शिरल्या बाबांनी पिशवीतून घरची चादर काढली आणि मागच्या खिडकीला टांगून दिली. मे महिना म्हणजे खिडकीला चादर. हात आपोआप गेले असतील. आई म्हणाली, "अवो, कायले? इथी कुठी उन्हाच्या झावा लागून राह्यल्या?" तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. पण चूक कबूल करतील तर ते बाबा कसले. "राहू दे, थंडी अडते," म्हणाले. चादर तशीच राहिली. खोली इतकी गार आणि ओलसर होती की रात्री तिघांनी स्वेटर घालून, कान बांधून, रजईत शिरून दात वाजवले. सकाळी आंघोळीला पाणी अंगावर घेतलं तेव्हा मी बाबांच्या नावानं जे काही पुटपुटले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

रस्त्यावरही तेच. मसुरीच्या मॉल रोडवर सकाळी सगळी माणसं उन्हाच्या कडेनं चालतात, उन्हातल्या बाकांवर बसून चहा पितात. सावलीची कडा रिकामी. त्या रिकाम्या कडेनं आम्ही तिघं चाललेलो, डोक्याला पांढरे दुपट्टे गुंडाळून, कुडकुडत. बाबांच्या बंडीच्या खिशात ऊन लागू नये म्हणून कांदा. तो त्यांनी वर्ध्याहून आणला होता आणि चारही दिवस खिशात वागवला. दुसऱ्या दिवशी समोरच्या उन्हातून एक गृहस्थ हात हलवून ओरडले, "जयभीम! वर्धा का नागपूर?" बाबा चमकले. "वर्धा. तुमाले कसं कळलं?" ते म्हणाले, "सावलीतून चालून राह्यले ना भाऊ. आमी पण कालपर्यंत तिकूनच चालत होतो." सगळेच हसलो. बाबांनी रस्ता ओलांडला, उन्हात दहा मिनिटं बसले, आणि परतताना पुन्हा सावलीच्या कडेला गेले.

फिरणं म्हणजे काय असतं हे मला तिथे कळलं. मॉल रोडवर ठराविक वेळी गाड्या बंद, म्हणून टॅक्सी एका टोकाला सोडते. तिथून सायकलरिक्षा, तीही चढ आला की उतरून चाला. आईचे गुडघे आधीच बोलायचे. दहा पावलं चालायची, कठड्याला टेकायची. खाली बघितलं की कडेची पायरी तिला दिसायची नाही, म्हणून मी तिचा दंड धरून "पायरी आहे, आता नाही, आता आहे," असं बडबडत चालायचे. रोपवेच्या रांगेत दीड तास. वर गेलो तर दुर्बीणवाला म्हणाला, आज धुंद है, कल आइए. दुसऱ्या दिवशी लाल टिब्बा या उंच पॉइंटला, तिथेही तेच धुकं. खालच्या जंगलात कुठे आग लागलीय, त्याचा धूर आहे, असं कुणी सांगितलं. तिसऱ्या दिवशी आणखी एक पॉइंट. प्रत्येक पॉइंटवर आकाश म्हणजे ताकाचं पाणी. चहावाला हात लांब करून दाखवायचा, वो उधर सब बर्फ है. उधर काही नसायचं.

आणि प्रत्येक ठिकाणी मी आईला विचारायचे, "दिसतं का?"

मला दिसत नव्हतं, पण मला वाटायचं एखादवेळी तिला दिसेल, किंवा मला भासतेय ती पुसट रेघ तिला दिसत नसेल. मी तिची हनुवटी धरून तोंड वळवायचे. "थोडं डावीकडे. आता दिसतं का? चष्मा पुसू का?" ती म्हणायची, "नाई दिसत." मग माझं तोंड बघून म्हणायची, "थोडं थोडं दिसल्यासारखं होते." बाबा वैतागायचे. "काऊन विचारून राह्यली सारखी? काही असलं तं दिसीन ना तिले." मग मी बाबांवर चिडायचे, तुमच्यामुळे ती बर्फासारखी खोली घेतली, आईचा रात्रभर खोकला चाललाय. आमचं दोघांचं लागायचं. आई कठड्याला टेकून उभी राहायची आणि माकडांकडे बघायची.

आता दर सहा महिन्यांनी तिला डोळ्यांच्या तपासणीला नेते. तिथे एका मशीनमध्ये डोकं घालून बसायचं, आत ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी मागे उभी राहून मोजत नाही म्हणते आणि मोजते. दरवेळी बटणाचा आवाज आधीपेक्षा कमी वेळा येतो. घरी रोज संध्याकाळी थेंब टाकते आणि कॅलेंडर समोर धरते. "तारीख दिसते का? पूर्ण दिसते का? कडेची?" आई सांगते. कधी चिडत नाही. एवढ्या वर्षांत एकदाही चिडली नाही याचं मला कौतुक वाटायचं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी गारा पडल्या. पत्र्यांवर ताशा वाजल्यासारखा आवाज, नंतर धो धो पाऊस. हॉटेलची मालकीण म्हणाली, सुबह सब साफ मिलेगा. दुसऱ्या दिवशी दुपारी आमची परतीची गाडी होती. मी पहाटेची टॅक्सी सांगितली, लाल टिब्बा. उजाडायच्या आधी आईला उठवलं, तर तिला उठवेना. गुडघे सुजले होते. पाय खाली टेकवून बघितला आणि परत वर घेतला. म्हणाली, "तुमी दोघं जा. दिसत असलं तं फोन करजो, मी कशीबी येईन." मला ते पटत नव्हतं, पण टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. मी तिचा बटणांचा फोन तिच्या हातात ठेवला. "काही लागलं तर एक नंबर दाबून धर, मला लागतो." ती म्हणाली, "ठाऊक आहे."

रात्रीच्या पावसानं सगळ्या गावाला एकच गोष्ट सुचवली होती. वाटेतल्या लंढौर बाजारात रस्ता आधीच हातभर, त्यात वर जाणाऱ्या गाड्यांची रांग आणि वरून उतरणारा पाण्याचा टँकर. तोंडाला तोंड लागलं. दोन्हीकडे दुकानं, वर बाल्कन्या, आकाशाची एक पट्टी दिसायची आणि ती पट्टी स्वच्छ निळी होती. बाबा खाली उतरले. पस्तीस वर्षांच्या नोकरीतला ड्रायव्हर अंगात आला त्यांच्या. "चढती गाडीको पहले रस्ता देव, पीछे लेव, और लेव, आन देव," करत त्यांनी तो टँकर बोटबोट मागे घेववला. त्या चार दिवसांत त्यांना मी तेवढंच खूश बघितलं. पण त्यात तास गेला. आम्ही वर पोचलो तेव्हा दरीतून ढग वर येऊन बसले होते. तिथे उभे असलेले लोक म्हणत होते, अभी तो था.

परतलो. मला रडू येत होतं आणि रडायलाही जीव नव्हता. खोलीचं दार ढकललं तर आई मागच्या खिडकीशी खुर्ची ओढून बसलेली. बाबांची चादर घडी घालून मांडीवर. बाहेर देवदाराचे शेंडे आणि पांढरा ढग.

"मी पाह्यला," ती म्हणाली.

"काय?"

"पहाड. पूर्ण. इथूनच दिसते. चादरीले वास येऊन राह्यला होता ओला, म्हणून काढली, तं समोर."

मी खिडकीशी धावले. काही नव्हतं. खाली जाऊन मालकिणीला विचारलं तर ती म्हणाली, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की दीदी, मागच्या खिडकीतून हिमालय दिसतो, मौसम खुलला की. मी वर आले आणि आईला म्हटलं, "नीट दिसलं का? पूर्ण दिसलं का? किती वेळ?" ती म्हणाली, "दिसलं. होतं धा-पंधरा मिनटं." बाबा पलंगावर बसले, खिशातला कांदा काढून उशाशी ठेवला आणि म्हणाले, "म्हणत होतो ना, खोली चांगली आहे."

गाडीत, प्लॅटफॉर्मवर, दिल्लीत, मी तिला वर्णन विचारत राहिले. शिक्षकाची खोड. "कसं होतं? कापसासारखं?" ती म्हणाली, "कापूस मी जलमभर वेचला पोरी. तो मळका राह्यते. हे तसं नवतं. पयले गुलाबी होतं, मंग पांढरं झालं." त्याहून जास्त तिच्याकडून कधी निघालं नाही. मला बरं वाटलं होतं, ते खरंच. ज्यासाठी गेलो ते झालं. पण आत एक सल राहिला. मी चार दिवस तिला ओढत फिरवलं, आणि ते दिसलं तेव्हा मी बाजारात टँकरमागे. मला तिच्या शेजारी उभं राहायचं होतं. तिनं बघताना मला तिच्याकडे बघायचं होतं. हे कुणाला सांगता येत नाही, सांगितलं तर हावरटपणा वाटतो.

आता आई एका नळीतून बघितल्यासारखं बघते. समोरचा माणूस दिसतो, त्याच्या हातातला पेला दिसत नाही.

परवा दुपारी लाइन गेली. कूलर थांबला की घर एकदम मोठं आणि मुकं होतं. बाबा घोरत झोपले होते. मी आईला कागदाच्या पुठ्ठ्यानं वारा घालत होते. मोबाइलवर शाळेतल्या एका बाईंनी मसुरीहून व्हिडिओ पाठवला होता, सगळे डोंगर स्वच्छ. मी तो आईच्या डोळ्यांसमोर धरला. "बघ, आई. दिसतं का? थोडं मागे घेऊ का? आता दिसतं का?"

तिनं माझा हात बाजूला केला. "नोको दाखवू."

मी चिडले. उकाडा होता, मी थकले होते. म्हटलं, "मग तेव्हा एकटीनं बरं बघितलंस. फोन होता ना हातात? एक बटण दाबायचं होतं. आम्ही अर्ध्या रस्त्यातून परत आलो असतो."

आईनं पदरानं गळ्यावरचा घाम पुसला. मग म्हणाली, "होता ना हातात. एक नंबर दाबला का लागते, हेबी ठाऊक होतं. नाई दाबला."

"का?"

"तू आली असती तं म्हटलं असतं, आई दिसते का, डावीकडे पाह्य, चष्मा लाव. तुज्या बाबानं म्हटलं असतं, कायले विचारते तिले. मंग तुमचं लागलं असतं. चार दिवस तुमी मले दाखवूनच राह्यले होते पोरी. माह्यं पाहणंच होत नवतं. मले नाई दिसलं का तुजं तोंड उतरे. म्हणून मी पहाड सोडून तुज्या तोंडाकडेच पाहत होती. त्या दिवशी कोणी विचारणारं नवतं. मी पाह्यलं."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला भांडता आलं असतं. माझ्या हातातला पुठ्ठा थांबला होता, तो मी परत हलवायला लागले. मला वाईट वाटलं, लागलं सुद्धा. एवढी धडपड कुणासाठी केली होती? मग मला ते मशीन आठवलं, बटणाचे आवाज, रोजचं कॅलेंडर, आणि सात वर्षं दर संध्याकाळी माझ्या तोंडाकडे बघून उत्तर देणारी आई. "दिसते, पूर्ण दिसते." ती तारीख बघत होती की माझा चेहरा वाचत होती, मला आता सांगता येणार नाही.

कोपऱ्यातून बाबा म्हणाले, "लाइन आली का?" आई म्हणाली, "नाई आली, झोपा तुमी."

संध्याकाळी ऊन उतरल्यावर खिडक्यांवरच्या चादरी काढल्या. आईला हात धरून समोरच्या ओट्यावर आणून बसवलं. रस्त्यापलीकडच्या अंगणात गुलमोहोर आहे, या दिवसांत तो लालभडक असतो. रोज इथे बसलं की मी विचारायचे, तो दिसतो का, वरपर्यंत दिसतो का. थेंबांची बाटली माझ्या हातात होती. तोंडापर्यंत आलेला प्रश्न मी गिळला. कठीण गेलं, खरंच सांगते. सवय वाईट असते. रस्त्यावरून सायकली गेल्या, एक पाण्याचा टँकर गेला, ओट्याची फरशी अजून तापलेलीच होती. मी माझं तोंडही दुसरीकडे वळवून घेतलं, तिला वाचायला काही राहू नये म्हणून.

बऱ्याच वेळानं आई आपणहून म्हणाली, "खालची एक फांदी दिसून राह्यली. वरचं नाई दिसत आता."

मसुरीहून परतल्यापासून सात वर्षांत पहिल्यांदा तिनं मला "दिसत नाही" असं सांगितलं होतं. मी काही विचारलं नाही. तिच्या शेजारी बसून ती एक फांदी बघत राहिले.